बंब, पोलीस चौकी आणि तुमचे भाऊ

मदन महल, जबलपूर
गुरुवार, दुपार

तीर्थस्वरूप अंजनीताई,

सरोजिनीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की अजून खालच्याच खोलीत मुक्काम आहे, ते कळवा. भाऊजींची साखर आटोक्यात असेल अशी आशा आहे (आणि नसली तर ते चोरून काय खातात ते मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही). इकडे सगळं ठीक आहे, असं मी तुम्हाला दर रविवारी फोनवर सांगत आले. त्यातले पहिले आठ महिने मी खोटं बोलले. आता खरंच ठीक आहे, म्हणून सगळं लिहायला बसले. फोनवर हे सांगताच आलं नसतं. एक तर तुम्ही मधे बोलता (रागावू नका, मोठ्या नणंदेचा तो हक्क आहे), आणि दुसरं म्हणजे ज्यांच्याबद्दल सांगायचं ते तुमचे भाऊ नेहमी फोनच्या बाजूलाच खुर्ची टाकून बसलेले असायचे.

ती खुर्चीच तर सगळं दुखणं होती. जूनअखेरीला हे दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून रिटायर झाले. छत्तीस वर्षं फिटरकाम करून चार्जमन झालेला माणूस, हार घालून घरी आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दाढी करून, जोडे पॉलिश करून, ते पायात घालून व्हरांड्यात बसला. मला वाटलं, सवय आहे, जाईल. गेली नाही. रोज जोडे, रोज खुर्ची. बोलणं कमी होत होत तीन शब्दांवर आलं: हो, नाही, पाहू. दिवाळीपर्यंत ‘पाहू’ पण गेला. आमचा सुशांत ह्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाला, सब नॉर्मल है, कोई शौक पालिये. घरी येताना कारमध्ये ह्यांनी मला विचारलं, “शौक म्हणजे काय करायचं असते?” त्या महिन्यातलं ते सर्वांत लांब वाक्य होतं. मला तरी कुठे ठाऊक होतं.

आता आमच्या सूनबाई नेहा. तिची मराठी तुम्हाला माहीत आहे. समजते सगळं, बोलायला लागली की दुसऱ्या शब्दाला हिंदीत उतरते. तिला जानेवारीत मोबाइलवर कुठूनतरी खूळ लागलं, की पुढची खोली जुन्या सामानानं सजवायची. पितळेच्या हंड्यात झाड लावायचं, शिवणमशीनच्या पायांवर काच टाकून टेबल करायचं, आणि दिवा लावायचा तो कंदिलात (विजेचा). मी म्हटलं, अगं, ज्या वस्तू घराबाहेर काढण्यात माझी तरुणाई गेली, त्या तू परत आणून काय करून राहिली? ती म्हणाली, “आई, आजकल इसी का तो चलन है.” तिला अडवायला मला तोंड नव्हतं. कारण तुम्ही आठवण करून देण्याआधी मीच कबूल करते, की सासूबाईंची अर्धी भांडी मोडीत देऊन मिक्सर आणणारी मीच. तुम्ही ते विसरला नाहीत हे तुमच्या प्रत्येक दिवाळीच्या फोनवरून कळतं.

तर फेब्रुवारीत एका मंगळवारी ती मला पनागरला घेऊन गेली. तिथे भाजीबाजाराच्या मागे एका भंगारवाल्याचं मोठं अंगण आहे. नेहा कंदील शोधत होती. मला मात्र सायकलींच्या ढिगाखाली एक काळं नळकांडं दिसलं, कमरेएवढं उंच, तीन पायांचं, वर धुराडं, खाली राख पडायची जाळी. ताई, तो बंब होता. अंघोळीच्या पाण्याचा, अस्सल तांब्याचा बंब, काजळीनं इतका काळा झालेला की त्याला स्वतःलाही आपण तांब्याचे आहोत हे आठवत नसावं. मला काय झालं ठाऊक नाही. मी त्याच्यावर हात ठेवला आणि म्हटलं, हा घ्यायचा. (नेहा म्हणाली, इसमें मनी प्लांट बहुत अच्छा लगेगा.)

खरी गोष्ट इथून सुरू होते. ऑटोत नेहा एका बाजूला, मी एका बाजूला आणि मधे पोत्यात गुंडाळलेला बंब. अर्ध्या रस्त्यात ऑटोवाल्यानं आरशात पाहत विचारलं, “अम्मा, बोरी में का है?” मी सरळ सांगितलं, “बंब है.” त्यानं गाडीचा वेग कमी केला. मग त्यानं विचारलं, “चालू है?” मी म्हटलं, अभी नहीं, पर घर में वो फॅक्टरीवाले हैं, वो चालू कर देंगे. आता तुम्हीच सांगा, यात मी चुकीचं काय बोलले? नेहा कानात तारा घालून गाणी ऐकत होती, नाहीतर तिनं तरी सांभाळलं असतं. ऑटोवाल्यानं गाडी वळवली, थेट एका पोलीस चौकीसमोर उभी केली आणि स्वतः उतरून समोरच्या पानठेल्याच्या मागे जाऊन उभा राहिला.

पोलिसांनी आम्हाला लांब बाकावर बसवलं आणि बंब रिकाम्या मैदानात मधोमध ठेवला. (ठेवला म्हणजे ऑटोतून मीच उतरवला, दुसरं कोणी हात लावेना.) मी सांगत होते की याच्यात पाणी तापवतात. हवालदार म्हणत होता, अम्मा, पानी तो गीजर में गरम होता है. नेहानं सुशांतला फोन लावला, तो रेल्वेच्या ऑफिसात मीटिंगमध्ये. मग तिनं घरी लावला. मी मनात म्हटलं, झालं. ते ‘हो’ म्हणतील आणि फोन ठेवतील.

ते पंधरा मिनिटांत आले, ताई. स्कूटरवर. जोडे तर पायात होतेच. मैदानाच्या कडेला दहाबारा माणसं जमली होती, त्यांच्यामधून सरळ चालत गेले, बंबापाशी उकिडवे बसले आणि बोटाच्या गाठीनं वाजवून पाहिला. गर्दी दोन पावलं मागे सरली. मग ते उठून हवालदाराला म्हणाले, “भैया, छत्तीस साल फॅक्टरी में काम किया है. जिससे आप डर रहे हैं वो मैंने देखा है. ये वो नहीं है. ये नहाने का है.” आणि मग जे सुरू झाले ते वीस मिनिटं थांबले नाहीत. निखारे कुठे टाकायचे, पाणी भोवतीनं कसं फिरतं, धूर मधल्या नळीतून का जातो, तांबंच का, लोखंड काहून नाही. हवालदारानं टोपी काढून धुराड्यात डोकावून पाहिलं. चौकीच्या साहेबांनी विचारलं, आता असा मिळतो का, गावी आईला पाहिजे. ऑटोवाला पण जवळ आला. मी बाकावर बसून नुसती ऐकत होते. ते काय सांगत होते त्यातलं मला नवं काहीच नव्हतं, पण आवाज आठ महिन्यांनी ऐकत होते. डोळ्यांना पदर लावला तर नेहा घाबरून म्हणाली, आई, कुछ नहीं होगा, छोड़ देंगे.

घरी आल्यावर ह्यांनी खुर्ची व्हरांड्यातून उचलली, अंगणात नेली आणि तिच्यावर बंब आडवा ठेवला. पुढचे आठ दिवस घरात चिंच उरली नाही. चिंच, मीठ, राख, आणि घासायला नेहा. ती एका हातानं घासायची, दुसऱ्या हातानं फोटो काढायची. तोटी गंजून घट्ट बसली होती. नेहा ती पान्यानं फिरवायला लागली तर हे ओरडले, “उलटी फिरवून राहिली तू, आटे जातील!” मग स्वतः रॉकेल लावून दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी ती दोन बोटांनी उघडली. सांधा तीन ठिकाणी गळत होता, तिथे कथील वितळवून डाग दिला. घरात भांडण एकच झालं. नेहाला त्याच्यात झाड लावायचं होतं. हे म्हणाले, जी वस्तू काम करते ती दिवाणखान्यात बसेल, जी करत नाही तिनं आधी दुरुस्त व्हावं. शेवटी ठरलं, की बंब सहा दिवस खोलीत शोभेला उभा राहील आणि रविवारी गच्चीवर जाऊन पाणी तापवेल. पहिल्या रविवारी धूर शेजारच्या दुबेबाईंच्या पापडांवर गेला. त्या चिडून वर आल्या आणि दोन बादल्या गरम पाणी घेऊन खाली गेल्या. आता दर शनिवारी विचारतात, दीदी, कल जलेगा न?

घासता घासता काजळीखालून अक्षरं निघाली: सौ. पुष्पा बोंदरे, पाटन, १९६८. झालं. ह्यांचं म्हणणं, नाव घातलेली वस्तू दुसऱ्याच्या घरी ठेवायची नाही, परत द्यायची. नेहा रडकुंडीला आली, पण ह्यांनी ऐकलं नाही. सुशांतच्या गाडीत मागच्या सीटवर बंब पट्टा लावून बसवला आणि आम्ही तासाभरावरच्या पाटनला गेलो. धान्याच्या बाजारात विचारलं तर पहिल्याच दुकानदारानं घर दाखवलं. पुष्पाबाई आहेत, ताई. पंच्याऐंशीच्या पुढे असतील, कान तेवढे मंद. नातवाकडे राहतात. बंब लखलखत त्यांच्या ओट्यावर ठेवला, तर चष्मा लावून त्यांनी तो नीट पाहिला आणि म्हणाल्या, “हा अजून गेला नाही काय?”

पहाटे चारला उठून बावीस वर्षं त्यांनी तो पेटवला होता. डोळ्यांचं पाणी आणि बंबाचं पाणी बरोबरच तापायचं म्हणे. गीझर आला त्या दिवशी भंगारवाल्याला बोलावून, चहा पाजून, त्यांनी तो दिला होता. “परत नका आणू बाप्पा,” त्या म्हणाल्या, “तुमचा तुम्हाले लखलाभ.” हे ओट्यावर बसून राहिले. मी त्यांचा चेहरा पाहिला, तर तो व्हरांड्यातला चेहरा होता. मनात आलं, आता उद्या सकाळी परत खुर्ची.

पुष्पाबाईंनी पण पाहिलं असावं. मंद कानाची माणसं डोळ्यांनी फार ऐकतात. जरा वेळानं त्यांनी विचारलं, “हे चकचकीत तुम्हीच केलं काय?” हे म्हणाले, हो. “मंग माझी शिवणमशीन काहून नाही पाहत? नातसुनेनं तिच्यावर टीव्ही ठेवला आहे.” टीव्ही उतरवला, मशीन ओट्यावर आणली, सगळे भाग वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले गेले. आम्ही तिथेच जेवलो. चार वाजता पुष्पाबाईंनी एक सरळ टीप घातली, कापड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, “पुढच्या गुरुवारी या. घड्याळ आहे. आणि शेजारच्या शिक्षकाच्या घरी पेटी आहे, तिचा एक सूर रुसला आहे.”

तेव्हापासून दर गुरुवारी हे पाटनला जातात. आजही गेलेत, म्हणून तर हे पत्र लिहिता आलं. जोडे अजून रोज सातला पॉलिश होतात, पण आता त्यांच्यावर धूळ बसते. आमची पुढची खोली पाहाल तर ओळखणार नाही. बंब, दोन कंदील, एक फिरकीचा तांब्या, आणि एक रेडिओ, जो फक्त पाऊस येणार असला की बोलतो (त्याच्यावर काम चालू आहे). नेहा येणाऱ्याजाणाऱ्याला सगळं मराठीतून समजावून सांगते. तोटी, जाळी, धुराडं, हे शब्द तिनं ह्यांच्याकडून शिकले आणि त्यांना हिंदी शब्द तिला सापडत नाहीत.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. वैशाखात आम्ही दोघं पंधरा दिवसांसाठी अकोल्याला येतो आहोत, ते फोनवर ठरलंच आहे.

तुमची,
सरोजिनी

ता. क. : सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ वाटणीच्या वेळी तुमच्याकडे गेलं, त्याबद्दल मी कधी एक शब्द काढला नाही, आताही काढत नाही. बंबाशेजारची जागा रिकामी दिसते, असं नेहा म्हणते. ती लहान आहे. मी येताना एक मोठी पिशवी रिकामी आणते आहे, ती केवळ संत्र्यांसाठी. वैशाखात संत्री नसतात हे मला माहीत आहे.

आणखी एक, आणि पत्र खरं यासाठीच लिहिलं. घंगाळ नाही दिलंत तरी चालेल, पण हे नक्की करा. तुमच्या घरी सगळं नवं आणि चालू आहे. भाऊजी काही बिघडलं की त्याच दिवशी बदलतात. तिथे हे पंधरा दिवस करतील काय? तेव्हा माळ्यावर काही मोडकं पडलं असेल तर काढून ठेवा. नसेल तर शेजारून मागा. तेही जमलं नाही तर एखादी चांगली वस्तू बिघडवून ठेवा, पण फार नाही, दोन दिवसांत जमेल इतपत. मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका. आणि दुरुस्त झाली की फार कौतुक करू नका, त्यांना अवघडल्यासारखं होतं. ‘बरं झालं’ एवढंच म्हणा आणि लगेच दुसरी पुढे ठेवा.