बदक नंबर एकचा झेंडा

२ ऑगस्ट, सकाळ

बदकाच्या आकाराच्या पॅडल बोटीवर राष्ट्रध्वज पुढे लावायचा की मागे? मला माहीत नाही. कबूल करते. पण पंधरा तारखेच्या आत माहीत करून घेणार, तेही लेखी.

माझ्या वडिलांचं, आप्पांचं, इथे कल्याणात तळ्यावर बोटिंग आहे. चार बदकं आणि एक हंस. (हंसाची मान मोडली तेव्हापासून तो काय आहे ते गिऱ्हाईक ठरवतं.) दर पंधरा ऑगस्टला आप्पा पांढरा शर्ट घालतात, बदक नंबर एकच्या मानेला झेंडा बांधतात आणि तळ्याला एक फेरी मारतात. काठावरचे लोक उभे राहतात. एकोणीस वर्षं झाली. आप्पांसाठी वर्षातला मोठा दिवस तो. दिवाळीलासुद्धा ते नवीन शर्ट घेत नाहीत.

काल जेवताना त्यांनीच जाहीर केलं, ह्या वर्षी झेंड्याचं सगळं रसिका बघेल, ती शिकलेली आहे. घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.ए., राज्यशास्त्र, एकाहत्तर टक्के. फेरी ह्या वर्षी नियमाप्रमाणे होणार.

४ ऑगस्ट

ध्वजसंहिता वाचली. दोनदा. झेंडा बोटीवर पांघरायचा नाही, पाण्यात लोळू द्यायचा नाही. उत्तम. पण काठी कुठे रोवायची? बदकांचा विचारच केलेला नाही. तीन कार्यालयांना ईमेल पाठवले. विषय : बदकावरील राष्ट्रध्वजाचे स्थान. आठ तारखेपर्यंत उत्तर येईल.

धम्मपालकाका रोज तळ्यावर चणे खात बसतात. सव्वीस वर्षं जहाजावर खलाशी होते. म्हणाले, अगं पोरी, ते सोपं आहे. मी नम्रपणे सांगितलं की काका, आधी लेखी उत्तर येऊ दे, मग तुमचं मतही विचारात घेऊ. हसले. म्हणाले, बरं मॅडम.

मॅडम म्हणाले. वातावरण बदलतंय.

७ ऑगस्ट

माजिवड्याला जाऊन खादीचा झेंडा आणला. आता पॉलिएस्टर चालतो, पण मला नाही चालत.

संहितेत आहे की काठीवर झेंड्याच्या वर काही लावू नये. त्यावरून मी पुढचा नियम काढला : झेंड्यापेक्षा उंच काहीच नको. बदक मोजलं. डोकं धरून पाच फूट दोन इंच. म्हणजे आप्पा मानेला झेंडा बांधतात तेव्हा बदक झेंड्याच्या वर असतं! एकोणीस वर्षं!

आप्पांना सांगितलं. अरेच्चा, एवढंच म्हणाले. आई म्हणाली, मग बदकाने वाकायचं होतं का गं? आईला मुद्दा कळला नाही.

९ ऑगस्ट, संध्याकाळी ६

ध्वज प्रशिक्षण शिबिर. अपेक्षित उपस्थिती चाळीस. प्रत्यक्ष तीन : बोटी सांभाळणारा विकी, त्याचे सासरे आणि भेळवाला. भेळवाल्याला मध्येच गिऱ्हाईक आलं. तरी चर्चा दर्जेदार झाली. विकीने विचारलं, झेंडावंदनानंतर जिलबी आहे ना? नियम अकरामध्ये जिलबी घातली. आता एकूण चौदा नियम झाले. नियम नऊ : फेरीच्या वेळी ध्वज अधिकारी (मी) आप्पांच्या शेजारी बसेल.

ईमेलला उत्तर नाही. विचार करत असतील. विषय नवा आहे.

१० ऑगस्ट

शहाडहून आठ फुटी लोखंडी पाइप आणला. विकीने तो शेपटाला क्लॅम्पने बसवला. चाचणीला खरा झेंडा वापरणं बरोबर नाही, म्हणून आईचं पिवळं फडकं लावलं.

बोट मागे कलली. चोच थेट आभाळात. विकी म्हणाला, बदक गुळण्या करतंय. पुढे रेतीच्या दोन गोण्या ठेवल्या. चोच पाण्यात गेली. विकी म्हणाला, आता थुंकतंय. काठावर हसायला पन्नास माणसं जमली. शिबिराला हीच कुठे होती?

फडकं पाण्यात पडलं. पण त्रुटी वेळेत सापडल्या, म्हणजे चाचणी यशस्वीच.

१२ ऑगस्ट

अंतिम तोडगा. झेंडा काठावर, पक्क्या खांबावर. बोट झेंड्याशिवाय फेरी मारेल. एकही नियम मोडत नाही. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

आप्पांना सांगितलं. म्हणाले, मग मी काय, नुसतं बदक फिरवू? बरं, तू म्हणतेस तर. इस्त्री करून आणलेला पांढरा शर्ट त्यांनी कपाटात परत ठेवला. तीन दिवस आधीच आवरून ठेवतायत. आप्पांनी हे छान समजून घेतलं.

आई माझ्याशी बोलत नाहीये. उकाडा फार आहे.

१४ ऑगस्ट, दुपार

उत्तर आलं! आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी पशुसंवर्धन विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे.

चारदा वाचलं. मग धम्मपालकाकांकडे गेले. त्यांनी चणे तोंडात टाकले आणि ते चावून होईपर्यंत उत्तर संपलंसुद्धा. मागे. जहाजाचा झेंडा मागेच असतो, शेपटाकडे. दोन-अडीच फुटाची काठी, जरा तिरपी, घट्ट. पाण्याला लागला नाही की झालं. आणि बदकाचं डोकं वर येतं त्याचं काय? काका म्हणाले, डोकं म्हणजे दुसरा झेंडा आहे का गं? दहा दिवस सांगायला बघतोय तुला.

धावत आप्पांकडे गेले. ते पॅडलला ग्रीस लावत होते. म्हटलं, आप्पा, मिळालं उत्तर, झेंडा बोटीवरच, मागे! तुम्ही फेरी मारायची. ते म्हणाले, बरोबर असेल तर मागेच लाव, विकीला पाठव. मी नाही जात.

का, विचारलं. बोटं पुसत राहिले. मग म्हणाले, पुढे असला की मला दिसायचा गं. पॅडल मारताना सगळा वेळ समोर फडफडायचा. मागे लावला की लोकांना दिसेल, मला नाही. तुला काय वाटलं, मी लोकांनी उभं राहावं म्हणून जायचो?

मला तसंच वाटलं होतं. चौदा नियमांत झेंडा कुणाला दिसावा हे कुठेच नाही.

१५ ऑगस्ट, सकाळी ११

आमच्या बदकात चार सीट आहेत. पुढच्या दोन पॅडलच्या. मागच्या दोन उलट्या, शेपटाकडे तोंड करून, पोराबाळांसाठी. पहाटे कपाटातून आप्पांचा शर्ट काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, माझं चुकलं, आप्पा, आज तुम्ही मागे बसायचं. शेपटाला अडीच फुटी काठी, तिरपी. आप्पांचं तोंड झेंड्याकडे. पुढे पॅडलवर मी आणि धम्मपालकाका.

आप्पा बसताना म्हणाले, स्वतःच्या बोटीत आज पहिल्यांदा गिऱ्हाईक झालोय.

आप्पांची फेरी सात मिनिटांची असते. आमची बावीस मिनिटांची झाली. मध्यावर काका म्हणाले, मॅडम, पॅडल दोन्ही पायांनी मारायचं असतं. काठावरचे लोक उभे राहिले असं आई सांगते. मला फक्त बदकाची मान दिसली, आणि मग डोळ्यांत घाम गेला. मागून एकदाच आवाज आला : सावकाश चालव, घाई नाही.

धक्क्याला लागलो. विकी दोरी घेऊन पुढे आला. आप्पांनी उठायचं नाव काढलं नाही, झेंड्याकडेच बघत होते. माझे गुडघे गेले होते. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी काकांकडे.

विकीला दोरी टाकू नको म्हटलं, आणि दुसरी फेरी मारली.