चौथा वाटा

रामवाडी, पेण
रविवार, १२ नोव्हेंबर १९९५

सौ. पुतळी हिस,

सकाळी नळाला पाणी उशिरा आलं. मी आमटी-भात केला, आमटी जरा खारट झाली. शेजारच्या गिरजाबाईंनी वालाची उसळ दिली. दुपारी आपल्या सुजयबरोबर खेळणारी मुलं आली होती, संध्याकाळी गेली. तिकडे अष्टमी गावी तुम्ही सगळे बरे असाल. सखादादाचा गुडघा आता कसा आहे?

मुलं आली होती, हे तुला आवडणार नाही. भावाकडे जाताना तू सांगितलं होतंस, त्या पोरांना आता घरात घेऊ नका, मला ते फासे ऐकवत नाहीत. मी हो म्हणालो होतो. पण परवा बाजारात मृणाली भेटली. म्हणाली, "काका, सुजयचा खेळ अर्धाच राहिलाय. शेवटचा दरवाजा बाकी हाय. एकदाच येऊ का?" मला नाही म्हणता आलं नाही.

तू स्वयंपाकघरातून त्यांचा आरडाओरडा ऐकायचीस, पण खेळ काय आहे ते आपल्या दोघांनाही कधी कळलं नव्हतं. मला आज कळलं. प्रत्येकाने गोष्टीतला एक माणूस व्हायचं. त्या माणसाला सहा गुण: ताकद, चपळाई, दमखम, बुद्धी, शहाणपण आणि छाप. इंग्रजी पुस्तकातून ही नावं सुजयनेच केली. कोणता गुण किती, ते फासे टाकून ठरतं. तीन म्हणजे अगदी कमी, अठरा म्हणजे सगळ्यात जास्त. एक जण गोष्ट सांगतो आणि वाटेत संकटं घालतो. ते काम सुजयचं होतं. आज ते मृणालीने केलं. त्याच्या खुर्चीत मात्र ती बसली नाही, खाली चटईवर बसली.

खेळातली जुनी माणसं कोणालाच पुढे चालवायची नव्हती. नवी करायची ठरलं आणि भांडण तिथेच लागलं. प्रविण म्हणाला, सुजयची रीत तीच ठेवा, तीन फासे टाकायचे, जे पडेल ते मुकाट्याने घ्यायचं. मिथुन म्हणाला, चार टाकू आणि सगळ्यात लहान सोडून देऊ.

"तुझं काय जातंय?" दीपिका म्हणाली. "तुझा फासा नेहमी कपाटाखाली जातो, आणि तिथं बरोब्बर सहाच पडतो."

"मग तू वाकून बघायचं होतंस."

"त्यापेक्षा सगळ्यांना सारखेच गुण द्या. भांडणच नको."

"हे काय रेशनचं दुकान हाय?"

आधी हसत होते, मग आवाज चढले. असलं भांडण झालं की सुजय काहीतरी बोलून मिटवायचा, ते सगळ्यांना एकदमच आठवलं असावं. प्रविण चपला घालायला उठला. मला वाटलं, हे आता गेले की परत यायचे नाहीत. मी दारातूनच म्हणालो, "वाटे घाला."

तुला सांगायला नको. खाडीत जाळं ओढलं की बांधावर सगळी मासळी एकत्र ओतायची. बोईट मोठं कोणाच्या हाताला लागलं ते कोणी विचारायचं नाही. एकाने सारखे वाटे घालायचे. दुसऱ्याने पाठ फिरवून उभं राहायचं. पहिल्याने वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, हा कुनाचा? पाठमोरा नाव घेईल त्याचा. वाटे घालणाऱ्यालाही आपला कोणता ते माहीत नसतं, म्हणून त्याचा हात सरळ चालतो.

मुलांना ते पटलं. फासे कोणीही टाका, आकडे सगळ्यांचे. मी म्हणालो, "चार वाट्यांपुरते टाका." खेळणारे तिघेच होते. मी सुजयला धरून मोजलं. चूक सगळ्यांना कळली, तरी चौघांपुरतेच टाकत राहिले.

मी चिठ्ठ्यांवर आकडे लिहून वाटे घातले. एकात सतरा पडला तर त्याच्याबरोबर पाच टाकला. मिथुन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "हा कोणाचा?" "दीपिकाचा." "हा?" "प्रविणचा." "हा?" "माझा." चौथ्यावर मी बोट ठेवलं, पण मला विचारता येईना.

मिथुन भिंतीकडे बघतच म्हणाला, "तो काकांचा. बसा खाली."

पुतळी, मी बसलो. आपल्या वाट्यातला कोणता आकडा कोणत्या गुणाला द्यायचा, ते आपण ठरवायचं. माझ्या वाट्यात सतरा होता. "ताकदीला द्या काका," सगळे ओरडले. मी दमखमला दिला. दवाखान्यात सुजयला तोच पुरला नाही, ते मी त्यांना सांगितलं नाही. मृणालीला कळलं असावं, ती खाली बघत होती. ताकदीला पाच राहिले, त्यावर ते पोट धरून हसले.

शेवटच्या दरवाजावर नाग होता. तो सुजयने घातलेला. दोन वर्षं ह्यांना त्याने जाऊ दिलं नव्हतं. नाग विष फुंकतो, ते सोसायला दमखम लागतो. आधी प्रविण पडला, मग मिथुन, मग दीपिका. माझा माणूस उभा राहिला. पुन्हा विष, पुन्हा उभा. मग मला वीस बाजूंचा फासा दिला. अठरा किंवा वर पडलं तरच वार लागणार होता.

एकोणीस पडला.

मी ओरडलो. मी! मिथुनने मला उचललं. गिरजाबाई धावत आल्या, चेहरा पांढरा पडलेला. "काय झालं हो भाऊ?"

"काकांनी नाग मारला!"

"अगो बाई, घरात निघाला? काठी आणू?"

हसताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि बराच वेळ थांबलं नाही. मुलांनी थांबवायचा प्रयत्न केला नाही. सुजय असता तर चीटिंग चीटिंग म्हणून नाचला असता.

दवाखान्याच्या पायरीवर तू मला विचारलं होतंस, माझ्याच पोराच्या वाट्याला का? तो ज्या दारापर्यंत आला होता ते आज उघडलं, आणि मी तिथे होतो. तू नव्हतीस.

दाराच्या पलीकडे काय आहे, ते मृणाली पुढच्या रविवारी सांगणार आहे. वाटे परत मीच घालणार. पाच घालू का, तेवढं कळव.

तुझा,
कमळाकर

ता. क. एक फासा खरोखरच कपाटाखाली गेला आहे. आता केरसुणी घेऊन तो काढतो.