अर्धा दुधी

बाबा,

आमच्या सोसायटीतल्या बायकांनी गच्चीवर भाजी लावायला सुरुवात केली आहे. परवा त्यांच्यातली एक जण घरी आली आणि म्हणाली, "मावशी, तुमच्या वडिलांनी म्हणे गिरगावात चाळीच्या गच्चीवर अख्खा मळा केला होता. गणपतीच्या अंकासाठी त्यांच्यावर दोन पानं लिहून द्या ना. त्या काळात किती पुढचा विचार करणारा माणूस!" मी दिली लिहून. रॉकेलच्या डब्यांना खिळ्याने भोकं कशी पाडायची, तळाशी विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या कशा घालायच्या, मासळी धुतलेलं पाणी वांग्याला आणि तांदूळ धुतलेलं मिरचीला कसं घालायचं, सगळं व्यवस्थित लिहिलं. तिला फार आवडलं. त्या दोन पानांत जे लिहिलं नाही, ते आता तुम्हाला लिहिते आहे.

पणजोबांची स्वतःची वाडी होती, वाडीत विहीर होती, विहिरीजवळ पेरू आणि रामफळ होतं, हे तुम्ही मला इतक्यांदा सांगितलं होतं की मी ती वाडी पाहिली आहे असंच मला वाटायचं. आजोबांच्या हातून ती गेली. तुम्ही दुसऱ्याच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायला आलात आणि फोर्टातल्या एका कंपनीत कारकून झालात. गच्चीवरचे ते डबे म्हणजे तुमची परत मिळवलेली वाडी होती, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा एवढंच कळायचं की ऑफिसातून आल्यावर तुम्ही चहाच्या आधी गच्चीवर जाता, आणि तिथून उतरता तेव्हा तुमचा चेहरा निराळा असतो. मला तो चेहरा आवडायचा. म्हणून मी तुमच्याबरोबर वर यायची. ताडदेवच्या तबेल्यातून आणलेलं शेण पाण्यात कालवायची, वालाच्या वेलांना सुतळी बांधायची. तुम्ही म्हणायचात, "हिला समजतं. हिच्या आईला नाही समजत." ते ऐकून मला किती बरं वाटायचं, ते आठवलं की आता लाज वाटते.

घरात काहीच वाया जायचं नाही. शेंगांच्या शिरा, माठाचे देठ, दुधीची सालं, सगळ्याचं काहीतरी व्हायचं. भुशाची शेगडी तुम्ही स्वतः भरायचात. डब्याच्या मधोमध बाटली उभी करायची, तिच्याभोवती वखारीतला भुसा ठासून बसवायचा, मग बाटली अलगद फिरवून काढून घ्यायची. शेगडी दुपारपर्यंत धुमसत राहायची. तिच्यावर चहा, भात, आमटी, शेवटी अंघोळीचं पाणी. थंडीत त्याच शेगडीवर वीट तापवून फडक्यात गुंडाळायची आणि पायाशी घ्यायची. वीट एकच होती आणि ती तुमच्या पायाशी असायची. आईकडे तिची गोधडी होती. आजीची दोन लुगडी आणि स्वतःच्या लग्नातलं एक, अशी तिने दुपारी बसून शिवलेली. आमच्या खोल्या गच्चीच्या लगेच खाली. जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला की फरशी पायाला चावायची. तुम्ही म्हणायचात, "मुंबईत कसली आलीय थंडी?"

छप्पन सालच्या जानेवारीत गोळीबार झाला आणि कर्फ्यू लागला. बाजार बंद, दुधाची गाडी बंद. खिडकीतून डोकं बाहेर काढायचं नाही अशी तुमची ताकीद. रस्त्यावर "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" अशी घोषणा उठली की तुम्ही खिडकी लावून घ्यायचात. तुम्ही विरोधात नव्हतात. तुम्हाला नोकरीची भीती होती. पहिल्या मजल्यावरच्या काकी मालवणच्या. त्यांचा नवरा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. तो आधीच सत्याग्रहात पकडला गेला होता. काकी बाळंत होऊन बारा दिवस झाले होते आणि त्यांच्याकडे सांभाळायला कोणी नव्हतं. आई दिवसातून दोनदा खाली जाऊन यायची. कर्फ्यू लागल्यापासून तुम्ही गच्चीच्या दाराला कुलूप लावलं होतं. "या दिवसांत माणसाचा भरवसा नाही," म्हणालात. किल्ली माझ्याकडे दिली होती, कारण सकाळचं पाणी मी घालायची.

त्या सकाळी आई माझ्यामागून वर आली. ती गच्चीवर कधी येत नसे. मांडवाखाली उभी राहून तिने वर पाहिलं. एकच दुधी तयार झाला होता, कोवळा, हिरवागार, लव असलेला. तो तिने देठापासून कापला. म्हणाली, "खालच्या काकींच्या बाळाला अंगावरचं दूध पुरत नाहीये. दुधी दिला की येईल." आणि तो पदराखाली धरून उतरली. एवढंच. मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

दुपारी तुम्ही वर गेलात आणि लगेच खाली आलात. आई मोरीत भांडी घासत होती. तुम्ही दारातून विचारलंत, "दुधी कुणी काढला?"

"आईनं," मी म्हटलं. "खालच्या काकींना दिला."

तिचे हात अजून राखेत होते. तिला बोलायला मी वेळच दिला नाही. तुम्हाला पहिली बातमी मी द्यायची, हे माझ्या अंगवळणी पडलेलं.

"मला विचारलंस?" तुम्ही आईला म्हणालात.

"विचारलं असतं तर दिला असतात?"

"चार दिवस घरात भाजी नाही आणि तू दानधर्म काढलास? तिच्या नवऱ्याला मी सांगितलं होतं तुरुंगात जायला? जा, घेऊन ये."

"अहो, बाळंतीण आहे ती."

"घेऊन ये म्हटलं ना? आणि हिलाही ने बरोबर. हिला कळू दे."

मला काय कळायला हवं होतं बाबा? मी आजपर्यंत त्याचा विचार करते आहे.

आम्ही खाली गेलो. दार उघडंच होतं. काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या, बाळ मांडीवर. चुलीवर पातेलं होतं आणि ताटात अर्धा दुधी. आई उंबऱ्यात उभी राहिली. मी तिच्या पदराला धरलं होतं. काकींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. जिन्यातून वरचं बोलणं ऐकू गेलं असणारच. त्यांनी ताट पुढे सरकवलं.

"घेवन जावा वयनी. माका इतको बस झालो."

आईने तो अर्धा दुधी उचलला. दोन मजले चढून वर आली. तुमच्यासमोर ठेवला. तुम्ही कापलेल्या बाजूला ओलं फडकं लावलंत, म्हणालात, "उरलेला तरी मिळाला." आणि चण्याची डाळ घालून त्याची भाजी करायला सांगितलीत. तिने केली. तुम्ही जेवलात, मीही जेवले. चांगली झाली होती. आईने भात आणि मीठ घेतलं.

संध्याकाळी तिने आपल्या अंथरुणातली गोधडी काढली, झटकली, घडी केली. तुम्ही विचारलंत, "ही कुठे?"

"खाली. बाळाला."

"अगं, पण..."

"ही माझी आहे. मी शिवलीय."

तुम्ही म्हणालात, "दे. पण कुडकुडलीस तर मला सांगू नकोस."

तिने नाही सांगितलं. त्या थंडीत नाही आणि पुढच्याही नाही. चटईवर, जुनं पातळ दुहेरी करून झोपायची. मी माझी चादर तिच्या अंगावर घातली तर सकाळी ती माझ्या अंगावर असायची. दुसरी गोधडी शिवायला घरात जुनी पातळं होती, पण ती तुम्ही भांडीवालीसाठी बांधून ठेवली होती, एका पातेल्याच्या बदल्यात. तिने ती मागितली नाहीत. तुम्ही दिली नाहीत. तुम्ही दोघं कोण आधी बोलतं याची वाट पाहत होतात की काय, मला माहीत नाही. अकरा वर्षांची होते मी.

आणि त्या दिवसापासून गच्चीवरची भाजी तिने तोंडात घातली नाही. रांधायची, वाढायची, आम्हाला आग्रह करायची. स्वतः आमटी-भात, नाहीतर लोणचं. तुमच्या लक्षात यायला महिना लागला. "का गं, भाजी नाही घेतलीस?" तुम्ही विचारलंत. ती म्हणाली, "नको मला." तुम्ही वाटीकडे पाहिलंत आणि म्हणालात, "बरं. मग उद्या सकाळी पुरेल." हे वाक्य तुम्ही रागाने म्हणाला असतात तर मी कदाचित विसरले असते. तुम्ही ते अगदी साधेपणाने म्हणालात.

तिसऱ्या थंडीत तिचा खोकला थांबेना. डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी आहे, ऊब हवी, चांगलं खाणं हवं. दादरच्या मामाने दुसऱ्या दिवशी लोकरीचं ब्लँकेट आणलं, चॉकलेटी रंगाचं, कडेला सॅटिनची पट्टी. मामा गेल्यावर तुम्ही ते उलगडून पाहिलंत, पुन्हा तसंच घडीवर घातलंत आणि डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवलंत. "आजारपणात खराब होईल. मुलीच्या लग्नात कामाला येईल." आणि मग तुम्ही ऊब कशी करायची ते मला शिकवलंत. दोन जुन्या चादरींच्या मध्ये वर्तमानपत्राचे चार थर घालायचे, कडा टाचायच्या. वारा आत शिरत नाही. खरंच शिरत नाही. आई कुशीवर वळली की ते कागद कुरकुरायचे. हा उपायही त्या बाईने अंकासाठी लिहून घेतला आहे.

तुम्ही तिच्यासाठी काहीच केलं नाहीत असं म्हटलं तर ते खोटं होईल. शेवटच्या आठवड्यात तुम्ही गच्चीवरचे टोमॅटो काढलेत, सगळे, बियाण्याला ठेवलेलेसुद्धा. स्वतः सार केलंत. तूप-जिऱ्याची फोडणी दिलीत, जी एरवी आपल्याकडे रविवारीच व्हायची. तिच्या उशाशी बसून चमचा तिच्या ओठांना लावलात. "घे गं. थोडंसं." तिने ओठ मिटून घेतले. डोळे उघडे होते, तुमच्याकडेच पाहत होती. तुम्ही तीनदा म्हणालात. मग वाटी हातात धरून तसेच बसून राहिलात, आणि बऱ्याच वेळाने ते सार तुम्ही प्यायलात आणि वाटी मला धुवायला दिलीत. त्या वेळी तुमच्यापेक्षा मला तिचा जास्त राग आला होता. हेही त्या दोन पानांत नाही.

ती गेली त्यानंतर दोन वर्षांनी महाराष्ट्र राज्य झालं. गिरगावात गुढ्या, तोरणं, दिवे. छापखान्यातले काका पेढे घेऊन वर आले. तुम्ही पेढा घेतलात, त्यांना बसायला सांगितलंत आणि गच्ची दाखवायला घेऊन गेलात.

माझ्या लग्नात ते ब्लँकेट तुम्ही खरंच दिलंत. सगळ्यांसमोर, लाल कागदात बांधून. "अजून कोरं आहे," म्हणालात. मी ते एकदाही पांघरलं नाही. कपाटाच्या वर ठेवलं. दोन पावसाळ्यांत त्याला कसर लागली.

लग्नानंतर मी काकींना शोधत वरळीच्या बीडीडी चाळीत गेले होते. तिथे त्या भावाकडे राहायला आल्या होत्या. मला माफी मागायची होती. मी दुधीचं सगळं सांगितलं, तुम्हाला कुणी सांगितलं तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दुधी? माका नाय आठवणा. गोधडी आठवता. माझो पोरगो त्याच गोधडयेत वाढलो." मग त्यांनी चहा टाकला. माझ्या मनावरचं ओझं उतरायला हवं होतं. उलट मला वाटलं, आता हे लक्षात ठेवणारे आपण दोघंच उरलो, तुम्ही आणि मी. आणि तुम्ही तर त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाहीत.

शेवटची सहा वर्षं तुम्ही माझ्याकडे दादरला होतात. मी तुमचं सगळं केलं. वेळेवर जेवण, औषध, थंडीत स्वेटर, पायमोजे. शेजारणी म्हणायच्या, मुलगी असावी तर अशी. तुम्ही खिडकीत पुदिना लावलात आणि त्याची पानं मोजून चटणीला द्यायचात. आपण एका घरात सहा वर्षं राहिलो आणि आईचा विषय निघाला नाही. मी काढला नाही, कारण तुम्ही काय उत्तर द्याल याची मला भीती वाटायची. "माझं चुकलं" म्हणाला असतात तर मी इतकी वर्षं जो राग जपला त्याचं काय करायचं ते मला कळलं नसतं.

हे पत्र मी पाकिटात घालणार नाही. अंकाची दोन पानं छापून येतील, त्यांत तुम्ही फार चांगले दिसाल. तसेच राहा. फक्त एक गोष्ट आहे, ती कुठेच लिहिलेली नाही. तुम्ही गेलात त्या सकाळी मी स्वयंपाकघरात होते. मी सगळ्यांना सांगत आले की तव्यावर पोळी होती, तुमची हाक आली तशी ती उतरवली आणि धावत आले, पण उशीर झाला होता. बाबा, तुम्ही दोनदा हाक मारलीत. पहिली मला नीट ऐकू आली होती. आणि तव्यावर पोळी नव्हती. मी नुसतीच बसले होते.