हाताला गरम लागला म्हणून

शनिवार, ७ नोव्हेंबर

रात्रीची फेरी झाली. हॉलमधल्या बोर्डावर दोन फोन चार्जिंगला. माझं बटण बंद केलं. सूनबाईचा फोन हाताला चांगलाच गरम लागला — तिचंही बंद केलं. पहाटे बस, उद्या परीक्षा, आणि ही बाई फोन शिजवत ठेवते! पोराचा फोन त्यांच्या खोलीत असतो, तिथे माझा हात पोचत नाही.

शेरा — सर्व ठीक.

रविवार, ८ नोव्हेंबर

सर्व ठीक म्हणे.

साडेपाचला उठलो, रोजच्यासारखा. स्वयंपाकघरात अंधार. सव्वापाचची बस होती, पोरगा तिला स्टँडवर सोडणार होता. म्हटलं, गेलेले दिसतात गुपचूप, मला उठवलं नाही. आणि मग दारात सूनबाईच्या चपला दिसल्या.

दार वाजवलं. पोरगा धडपडत बाहेर आला. "किती वाजले?" मी सांगितलं. तो जागच्या जागी खाली बसला. मागून सूनबाई आली. डोळ्यांत झोप अशी नव्हतीच, घाबरून उडाली असणार. बोर्डापाशी गेली, फोन उचलला, बाजूचं बटण दाबून धरलं. काळा. पुन्हा दाबलं. काळाच. चार वाजताचा गजर फोनच्या पोटात आणि फोन मेलेला.

पोराने भिंतीकडे बघितलं. "अगं, बटणच बंद आहे!"

ती भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी विसरले असेन लावायला."

आता माझ्या तोंडातून शब्द फुटायला हवा होता. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि पाणी प्यायलो. तहान नव्हती.

पोरगा म्हणाला, गाडी करू, अजून जमेल. रस्ता चार तासांचा, गेट साडेनऊला बंद. ती म्हणाली, "नाही पोचणार. राहू दे आता." आणि चहा ठेवायला गेली. रडलीसुद्धा नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

सोमवार, ९ नोव्हेंबर

काल पुढचं लिहवलं नाही. आज लिहितो. या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये काढली. माणसाच्या कमरेएवढे काचेचे सेल, ओळीने. त्यांना डिस्टिल्ड वॉटर पाजायचं, हायड्रोमीटर बुडवून घनता बघायची, लॉगबुकात भरायची, शेवटच्या रकान्यात शेरा आणि सही. आमचा पहिला साहेब दोनच गोष्टी शिकवून गेला. अति तेथे माती — जास्त चार्ज केलं की पाणी उकळतं, प्लेटा झडतात, सेल मेला. आणि सेल हाताला गरम लागला तर आकड्याची वाट बघू नका, आधी बंद करा. माझ्या सगळ्या शर्टांना ॲसिडची भोकं होती, पण माझ्या पाळीत एकही सेल गेला नाही. मग ती खोलीच बंद झाली. जाताना मी एक कोरं लॉगबुक उचलून आणलं. तेच हे.

घरी आल्यावर बघतो तो काय, सगळे रात्रभर फोन चार्जिंगला लावून घोरत पडलेले! एकदा बोललो. पोरगा हसला. "बाबा, ते दिवस गेले. तुम्ही नका हात लावू." म्हणून उघड हात लावणं सोडलं. रात्री अकराला बटण बंद, पहाटे साडेपाचला पुन्हा चालू. दोन वर्षं कोणाला पत्ता नाही. सूनबाईचा फोन पाच वर्षं टिकला म्हणून सगळे त्या कंपनीचं कौतुक करतात. मी मनातल्या मनात मिशीला पीळ भरतो.

आता बस म्हणावं पिळत.

सूनबाई दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. नऊ वर्षं झाली, अजून तात्पुरती. कायम व्हायचं तर ही परीक्षा, आणि ती येते दोन वर्षांतून एकदा. दोनदा नापास झालीय. या खेपेला स्वयंपाकघरातल्या कपाटांना, फ्रिजला, अगदी डब्यांच्या झाकणांनाही कागदाचे कपटे चिकटवले होते. साखर काढायला गेलं की रक्तपेशींचे प्रकार वाचावे लागत. मलाही अर्धे पाठ झाले.

आज सकाळी ते सगळे कपटे तिने काढले. मी पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर धरून बसलो होतो.

मंगळवार, १० नोव्हेंबर

रात्री जेवताना पोरगा बोललाच. "चार वर्षं अभ्यास केलास, आणि साधं एक बटण दाबता आलं नाही?"

ती वाढत होती. हात थांबला नाही तिचा. "चुकलं माझं," म्हणाली.

तेवढ्यात चिमणीने तोंड उघडलं. माझी नात, सात वर्षांची. "बटण तर आजोबा —"

मी तिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. पोर गप्प झाली.

"आजोबा काय?" पोराने विचारलं.

"आजोबा मला गोष्ट सांगणार आहेत," चिमणी म्हणाली.

जेवण झाल्यावर माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "मी सांगणार नाही हं. तुम्ही रोज रात्री फोनला झोपवता ते." बिचारीला वाटतंय, आमचं काहीतरी गमतीचं गुपित आहे. सात वर्षांच्या पोरीला मी खोटं बोलायला शिकवलं. या वयात आणखी काय काय करणार आहे मी, देव जाणे.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

पोरगा म्हणाला, फोनचीच बॅटरी गेली असेल, दाखवून आणतो. मी झटकन म्हणालो, मी नेतो. चोराच्या मनात चांदणं. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही कशाला उन्हातून? फोन चांगला आहे." मी ऐकलं नाही.

कोपऱ्यावरची मोबाइलवाली. कपाटाएवढं दुकान, त्यात ती आणि एक भिंग. तिने फोनला काहीतरी जोडलं, आकडे बघितले. "काका, बॅटरी ठणठणीत आहे. पाच वर्षांच्या मानाने फारच छान."

मला आतून बरं वाटलं. खरंच लिहितो, त्या क्षणीसुद्धा बरं वाटलं! म्हटलं, वाटणारच छान, मी रात्रभर चार्जिंगला राहूच देत नाही.

"का?"

"का म्हणजे? जास्त चार्ज होऊन खराब होते."

ती हसली, पण उद्धटपणे नाही. म्हणाली, "भरली की फोन आपणहून घ्यायचं थांबवतो. रात्रभर राहिला तरी काही बिघडत नाही. कायम शंभरावर ठेवलं तर आयुष्य थोडं कमी होतं, नाही असं नाही. पण तेवढ्यासाठी रात्री उठायचं? उशीखाली ठेवू नका, उन्हात ठेवू नका. तिला गरमीचा त्रास."

मी लगेच पकडलं. गरमीचा ना? मग हाताला गरम लागला म्हणून बंद केला तर बरोबरच की!

"कधी लावला होता?"

"रात्री. दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. ती उशिरापर्यंत त्याच्यावर अभ्यास करत होती."

"मग रिकामा असणार. रिकामा फोन जोरात भरतो, त्यात थोडा तापतोच. गरम होता म्हणजे भरत होता, काका. तेव्हाच काढलात तर पहाटेपर्यंत कसा पुरेल?"

मी म्हणालो, एकतीस वर्षं बॅटरी रूममध्ये होतो. ती म्हणाली, "ती बॅटरी वेगळी. तिला पाणी पाजायचं. हिला काही पाजायचं नाही."

तिने पैसे घेतले नाहीत. मी दुकानाबाहेरच्या कट्ट्यावर बसलो. रोज फेरीला चष्मा लावून जायचो, फोन किती टक्के भरला तो आकडा बघायचो. त्या रात्री चष्मा खोलीत राहिला होता. म्हटलं चष्मा कशाला, एकतीस वर्षांचा हात आहे. हाताने सांगितलं, गरम. आणि मी हाताचं ऐकलं.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

घरी सांगितलं — बॅटरी ठीक आहे. एवढंच.

"बघितलंस?" पोरगा तिला म्हणाला. म्हणजे आता तर शिक्कामोर्तब झालं. फोन निर्दोष, चूक तिची. करायला गेलो एक.

शनिवार, १४ नोव्हेंबर

रात्री अकराला पाय आपसूक हॉलकडे वळले. बोर्डापाशी उभा राहिलो. तिचा फोन चार्जिंगला, बटण चालू. हात मागे बांधले आणि परत आलो. जित्याची खोड.

झोप नाही. उद्या रविवार, पोरगा घरी असतो. उद्या बोलायचं. हे लिहून ठेवतो म्हणजे मागे फिरता येणार नाही.

रविवार, १५ नोव्हेंबर

बोललो.

सकाळी चहा झाल्यावर चिमणीला खेळायला पाठवलं. खरं तर आधी तिलाच सांगायला हवं होतं की गुपित संपलं, तेही राहिलं. दोघांना समोर बसवलं. पोरगा म्हणाला, "बरं वाटत नाही का बाबा?" मी म्हणालो, बटण मी बंद केलं होतं. शनिवारी रात्री. रोजच करतो.

दोन वर्षांचं सगळं सांगितलं. गरम लागला ते सांगितलं. चष्म्याचं सांगितलं. चिमणीला डोळे दाखवले तेही. बोलताना मधेच बॅटरी रूमचं काहीतरी सांगायला लागलो, तेव्हा माझं मलाच कळलं की मी सबब सांगतोय, आणि थांबलो.

पोरगा उठून उभा राहिला. "मी तुम्हाला नको म्हणालो होतो." मग आवाज चढला. "आठ दिवस! आठ दिवस मी तिला बोलतोय आणि तुम्ही मूग गिळून बसलात? मला बोलू दिलंत?"

बरोबरच बोलत होता. त्याने आजवर माझ्यावर आवाज चढवला नव्हता. आज चढवला, आणि मला वाटलं, आणखी चढव.

सूनबाईकडे बघायचा धीर होत नव्हता. तरी बघितलं. पांढरीफटक पडली होती. मी हात जोडले. तिला म्हणालो, "पोरी, तुझी दोन वर्षं मी खाल्ली. माफ कर असं म्हणायलाही तोंड नाही."

ती म्हणाली, "असं नका करू बाबा." आणि माझे जोडलेले हात तिने सोडवले. मग खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दुपारी जेवायला आली नाही. पोरगा दोनदा दाराशी जाऊन परत आला. संध्याकाळी चिमणीला घेऊन बाहेर गेला, मला न विचारता. ताट मी झाकून ठेवलं.

वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. लोक म्हणतात तसं. मला तर तिचं ते पांढरं तोंडच दिसतंय. रागावली असती तर सोसलं असतं, पण ती रागावलेली वाटलीच नाही. घाबरल्यासारखी वाटली. मला का घाबरावं तिने?

सोमवार, १६ नोव्हेंबर

पोरगा कामावर, चिमणी शाळेत. सूनबाईने आज रजा टाकली. दोन कप चहा घेऊन माझ्यासमोर बसली.

"बाबा, मी त्या पहाटे जागी होते. पावणेचारपासून. भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. चार वाजले, गजर वाजला नाही. साडेचार झाले. मी तशीच पडून राहिले. तिसऱ्यांदा नापास होऊन या घरात यायचं नव्हतं मला. गजर वाजला असता तर उठावंच लागलं असतं. म्हणून तर फोन बाहेर ठेवते."

मी कप खाली ठेवला.

"बटण मी लावलं होतं, हे मला पक्कं आठवत होतं. तरी विसरले म्हणाले. काल तुम्ही माझ्यापुढे हात जोडलेत." इथे रडली. आठ दिवसांत पहिल्यांदा. "ह्यांना आज मी सांगणार आहे. तुम्ही मधे बोलायचं नाही."

मी म्हणालो, बरं. चहा गार झाला होता, तसाच प्यायलो. मग भीत भीत विचारलं, दोन वर्षांनी परत बसशील का?

तिने माझा रिकामा कप उचलला.

"बसेन. पण गजर नको. तुम्ही दार वाजवा. मी उठले नाही तर पुन्हा वाजवा."