बत्तिसावा बार

प्रिय टिटवी,

परवा फोनवर तू म्हणालीस की शुक्रवारच्या कार्यक्रमासाठी माझ्या त्या पहिल्या गाण्याचे कागद लिहाल, ते सरळ तालाच्या बत्तीस बारांचे करा, म्हणजे माझी मोजायची कटकट मिटेल. मी हो म्हणून टाकलं. खोटं बोललो. तुझं गाणं एकतीस बारांचं आहे आणि मी ते एकतीसच लिहिणार आहे. का, ते सांगायला हे पत्र. तोंडाने सांगायला गेलो तर मधेच हवापाण्यावर येईन, मी मला ओळखतो. पण आधी थोडं कौतुक करू दे. पुढचं वाचल्यावर तू ते ऐकून घेशील की नाही, कोण जाणे.

गेल्या आठवड्यात नळ दुरुस्त करायला प्लंबर आला होता. पाना फिरवता फिरवता शीळ घालत होता. मी पेपर वाचत होतो, पायाने आपोआप ठेका धरला आणि दर वेळी ठेच लागल्यासारखा तो अडखळायला लागला. मग डोक्यात उजेड पडला, अरे, हे तर आपल्या कार्टीचं सात ठोक्यांचं गाणं! त्याला विचारलं, यात ठोके किती आहेत, माहीत आहे का? तो म्हणाला, ठोके कसले काका, गाणं आहे ते. त्याला दोन कप चहा पाजला. मुलगी माझी म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना, शेवटी आईने फोटो आणून दाखवला. आणि आमच्या बँडमधला बासवाला, ज्याने ब्लूज म्हणजे बाराच बार असं मानून उभ्या जन्मात तो उंबरा ओलांडला नाही, तो आता दार लावून तुझा तेरा बारांचा ब्लूज बसवतोय. मला अभिमान वाटतो गं. छाती इतकी फुगते की आई म्हणते, शर्टाची बटणं मीच शिवते, जरा बेतानं.

माझं काम तू पाळण्यातून पाहिलंस. दुसऱ्याचं गाणं घ्यायचं आणि वाजवणाऱ्या प्रत्येकासाठी त्याचा वेगळा कागद स्वच्छ शाईने लिहायचा. तू टेबलाखाली बसून बाटल्यांची झाकणं जमवायचीस, तेव्हा तुला शिकवलं होतं, चार ठोक्यांचा एक बार, चार बारांची एक ओळ, आठ ओळींचं एक गाणं, पुढचं कडवं पुन्हा तितकंच. तू विचारलं होतंस, आणि गाणं आधीच संपलं तर? मी म्हणालो होतो, शहाणी गाणी आधी संपत नाहीत. तुझ्यापुढे शहाणपण मिरवायची मला तेव्हापासून खोड.

अकरा वर्षांपूर्वीचा तो कार्यक्रम तू विसरली नसशील. एकोणीस वर्षांची होतीस, पहिलं स्वतःचं गाणं, मागे नऊ जणांचा बँड. तालीम झाली ती नुसत्या तुझ्या पेटीवर, कारण माझे कागद त्याच दिवशी दुपारी पुरे झाले. पहिलं कडवं तू असं म्हटलंस की पुढच्या रांगेतलं खोकणंसुद्धा थांबलं. मग तू दुसऱ्या कडव्याला निघालीस आणि बँड अजून एक बार मागे उभा होता. पियानो धावला, सॅक्सोफोन थबकला, ड्रमवाल्याने कसंबसं सावरलं, तोवर मागे कुणीतरी हसलं होतं. बँडमास्तर सगळ्यांसमोर म्हणाला, गळा छान आहे, पण पोरीला मोजता येत नाही. तू घरी येऊन उशीत तोंड खुपसून म्हणालीस, बाबा, मी चुकले. मी म्हणालो, होतं असं, सराव कर. तू सराव केलास. मागच्या वर्षी तुझा कार्यक्रम पाहिला, तर सगळं सभागृह तुझ्या तोंडाकडे बघत होतं आणि मी तुझ्या डाव्या हाताकडे. झग्याच्या घडीआड तुझी बोटं मोजत होती. स्वतःचीच गाणी, तरी मोजत होती.

परवा तुझा फोन ठेवला आणि तुझा तेव्हाचा पेन्सिलीचा कागद शोधून काढला. आई शिलाई मशीनवर बसली होती, नेहमीसारखी गुणगुणत. कागद हातात होता म्हणून सहज तिच्या गुणगुणण्याचे बार मोजायला लागलो. एकतीस. पुन्हा मोजलं, एकतीस. तिला थांबणं म्हणून माहीत नाही. शेवटचा सूर लागला की श्वास न घेता ती पहिल्या ओळीवर येते. लहानपणी टेबलाखाली बसून तू गाणं म्हणून जे ऐकलंस, ते हे. तिला सांगितलं तर म्हणाली, मग इतकी वर्षं तुम्ही काय ऐकत होता? दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

आता ऐक. तो बत्तिसावा बार मी घातला होता. तुझी शेवटची ओळ तीनच बारांची दिसली, वाटलं पोरगी घाईत विसरली, आणि तुला न विचारता नऊच्या नऊ कागदांवर विश्रांतीचा, म्हणजे नुसतं थांबायचा, एक बार लिहून ओळ भरून टाकली. ते घडलं तेव्हा मी पडद्याआड फाईल धरून उभा होतो आणि मला त्याच क्षणी कळलं होतं. माझ्या कागदात कधी चूक निघत नाही ही माझी मिजास, ती वाचवायला मी तुझी मान पुढे केली आणि मूठ झाकून ठेवली. मला फार लाज वाटते. आईला सांगितलंय, दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. काल बँडमास्तरकडे गेलो आणि त्यालाही सांगितलं, बासवाल्यासमोर. तो चष्मा पुसत म्हणाला, म्हणजे पोरगी बरोबर होती. सोबत तुझा पेन्सिलीचा कागद आणि माझा शाईचा एक, दोन्ही पाठवतोय. स्वतःच्या डोळ्यांनी बघ. माझ्यावर रागाव, हवं तितकं रागाव. पण शुक्रवारी नऊही जणांपुढे शेवटची ओळ तीन बारांची असेल. तू वाटेल तेव्हा नीघ, ते तुझ्याबरोबर येतील. तो हात मोकळा सोड, बाळा. तुला मोजता येत होतं.

तुझाच, एक बार जास्त लिहिलेला,
बाबा