शेवटची हातभर फिल्म

सातारा,
मार्च १९४४

प्रिय शमशेर,

तुझं पत्र अम्मीने माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. तिच्या गुडघ्यांची चौकशी केलीस, माझी नाही, एवढंच मी तिला बोलून दाखवलं नाही.

स्टुडिओ चालू आहे, जेमतेम. फिल्मचं लांब रीळ आणायला सांगलीला अल्लाबक्षचाचांच्या दुकानात गेले होते. फिल्म बनवणाऱ्या कंपनीचा नवा हुकूम आला आहे. लांब रीळ आता फक्त सिनेमावाल्यांना आणि सरकारला. आपण कंपनीनेच कापलेली सीलबंद डबी घ्यायची, आणि डब्या तर दिवाळीपासून आलेल्याच नाहीत. चाचा म्हणाले, "बेटी, आता कात्रीने भाजी चिर." मी हसले. गोधडीखाली हात घालून, अंधारात, कोपरापासून बोटांपर्यंत फिल्म मापून कात्रीने कापायला तूच मला शिकवलंस. तशी मापलेली शेवटची हातभर घरात उरली आहे.

म्हणून गिऱ्हाइकाला आधी रिकाम्या कॅमेऱ्यासमोर बसवते. ते स्थिर झालं की मगच फिल्म भरायची. काल साळूबाई आल्या, रजेवर आलेल्या त्यांच्या मुलाला, जोतिबाला, घेऊन. तुझ्याच पलटणीतला, वर्दीत कसा ताठ बसला होता! रिकामी कळ वाजली आणि साळूबाई उठल्याच. "निघाला न्हवं फोटू? दाव की मग, पोरी!" सगळं समजावलं, तर भिंतीकडे बघून म्हणाल्या, "आन् तुज्या भावाचा कुटं लावलाय?"

भिंतीवर अख्ख्या पेठेचे चेहरे आहेत. तू कायम कॅमेऱ्यामागे. परवा अम्मी आणि मी भांडलो. तुझ्या भुवईवरचा वण डावीकडे की उजवीकडे? ती रडली नाही. तव्यावरची भाकरी मात्र करपली.

हे साळूबाईंना सांगितलं. जोतिबा आपणहून खुर्चीवरून उठला. साळूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ह्येच्यासंगं धाड ती फिलिम. पर दोगांस्नी एकाच फोटूत बसा म्हनावं."

तेव्हा हे पत्र देताना जोतिबा काळ्या कागदात गुंडाळलेली एक डबीही देईल. तुमच्या पलटणीतल्या बिराप्पाजवळ आपल्यासारखाच कॅमेरा आहे, नुसता फिल्मवाचून पडला आहे, असं तू लिहिलं होतंस. फिल्म अंधारात भर. जोतिबाला शेजारी घे. टोपी मागे सार, भुवया दिसू देत. धुवायला इकडेच पाठव, कुणी सुट्टीवर येईल त्याच्याबरोबर. पहिला फोटो अम्मीच्या हातात देईन, दुसरा साळूबाईंच्या. वण उजवीकडेच आहे, असं मी म्हणते. हरले तरी चालेल.

तुझीच आपा,
अकिला