जपानी मला ऐकूनच येते

रविवार, १७ जून २००१, सकाळी नऊ

ही वही पुढे उघडणारी तूच असणार, संजना, आणि तुझी आठवण मला माहीत आहे. दूध गॅसवर ठेवलं की आपल्याला एक सासू आहे हेसुद्धा तू विसरतेस. म्हणून तारीख घाल, वार घाल, वेळ घाल. मला वाचता येत नाही, पण तू काही गाळलंस की मला कळतं.

मी बोलेन तसं लिहायचं. वहीत मी तुला 'ती' म्हणणार, कारण 'तू' म्हटलं की खरं बोलायला जीभ अडते. रोजनिशी माझी, माझ्यापुरती. दर रविवारी मला वाचून दाखवायची.

आजची बातमी. सुनेने जपानी भाषेचा क्लास लावला. वय एकोणतीस. या वयात जीभ म्हणजे वाळलेली भेंडी, मोडेल पण वळणार नाही. संघर्षच्या अंबडच्या कंपनीत हल्ली आठवड्यातून तीन दिवसच काम असतं, म्हणून हिला वाटतं की आपण जपानी शिकू आणि पुण्याला मोठ्या कंपनीत लागू. संघर्ष म्हणजे माझा एकुलता एक, हिचा नवरा. पुण्याला म्हणजे घर इथे आणि माणसं तिथे.

मी काही बोलले नाही. एवढंच म्हणाले की हिच्या बोलण्याने एक जरी जपानी माणूस फसला तर चिमणाबाई नाव लावणार नाही. फसला म्हणजे फोनवर त्याला वाटलं पाहिजे, बाई आपल्याच गावची. तसं वाटल्याशिवाय नोकरी कोण देतं? आणि तसं वाटणार नाही. म्हणजे पुणंही नाही. उद्यापासून हा विषय डोक्यातून काढणार.

सोमवार, २ जुलै

कॅसेट दिवसभर चालू. आधी पुरुष बोलतो, मग बाई, मग गप्प. त्या गप्पात हिने बोलायचं. कॅसेटमधली बाई कशी सरळ वाहत जाते. ही म्हणजे सिन्नरची एसटी, प्रत्येक शब्दाला स्टॉप. चहाच्या वेळी नक्कल करून दाखवली. संघर्ष हसला. मग तिच्याकडे बघितलं आणि हसायचा थांबला.

माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी. दोष तिचा नाही, शाळेचा. ती आधी कागदावर बघते, मग बोलते. डोळ्यांतून गेलेली भाषा तोंडातून तशीच कशी निघेल? मला अक्षर नाही. मी हिंदी ऐकून उचलली. मालेगावची शेजारीण होती, तिची अहिराणी चार महिन्यांत अशी उचलली की तिची नणंद मला तिच्या माहेरचीच समजली. निदान तिने विचारलं तरी, तुम्ही कुठल्या म्हणून.

संकल्प. दोन महिन्यांत जपानी. पुस्तक नाही, क्लास नाही, स्वयंपाकघरात बसून.

गुरुवार, १९ जुलै

तीन वाक्यं पूर्ण. सकाळचा नमस्कार, 'हे काय आहे' आणि 'स्टेशन कुठे आहे'. उरलेली कॅसेट म्हणजे हीच तीन फिरवून फिरवून असणार. चौथं आज करणार होते, पण गुडघा.

रविवार, १२ ऑगस्ट, दुपारी

चौथं राहिलं. कानात दडे बसलेत.

लताबाईला तीनही वाक्यं ऐकवली. लताबाई म्हणजे कोपऱ्यावर खानावळ चालवते ती. सातवी शिकली आहे आणि दर भेटीत ते सांगते. म्हणाली, हुबेहूब. तिने जपानी माणूस बघितलेला नाही, पण हुबेहूब ते हुबेहूब.

हिच्या क्लासचे सर म्हणाले म्हणे की मोठेपणी शिकलेल्याचा उच्चार कधीच पुरा त्यांच्यासारखा होत नाही. सरांचाही बावीस वर्षांत झाला नाही. मी हे जूनमध्येच सांगितलं होतं. तिला म्हणाले, मग सोड आता. ती म्हणाली, उद्याचा धडा राहिलाय, आणि पेन उचललं. हे लिहिताना तिचा चेहरा बघण्यासारखा झालाय. लिहिलंस? चेहरा पण लिहिलास? बरं.

रविवार, ११ नोव्हेंबर, संध्याकाळी सात

मोठा दिवस.

त्रिरश्मी लेणी बघायला आलेले बारा जपानी उपासक आपल्या विहारात चहाला आले. हिला दुभाषी म्हणून बोलावलं होतं. मला कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून पहिल्या रांगेत बसले. पांढरी साडी, कडक इस्त्री.

त्यांच्यात हारुकोबाई म्हणून एक, माझ्याच वयाची. तिचा हात धरला आणि सकाळचा नमस्कार घातला. दुपारचे चार वाजले होते, पण भाषा ती भाषा. बाई उडालीच. 'ओजोझु, ओजोझु' म्हणत टाळ्या वाजवायला लागली. त्याचा अर्थ हिच्याकडून काढून घेतला. तुम्ही फार छान बोलता. मग मी विचारलं, स्टेशन कुठे आहे? पुन्हा टाळ्या. बाईने आणखी चौघांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर पुन्हा स्टेशन झालं. एकूण ओजोझु सात. बोटांवर मोजले.

हिला किती? शून्य. दोन तास बोलत होती. एक म्हातारा तिला आपल्या पाठीचं दुखणं सांगत बसला. हारुकोबाईने तर अर्धा तास आपल्या सुनेची गाऱ्हाणी गायली म्हणे. पण पोरीला एक शब्द चांगला बोलावा असं बारा जणांत एकालाही वाटलं नाही. मला वाईट वाटलं. घरी येईपर्यंत तिला तीनदा सांगितलं, तुला शून्य.

निघताना हारुकोबाई मला मराठीत म्हणाली, जय भीम, बरा आहे का. मी म्हणाले, बाई, तुम्ही तर अगदी आमच्यातल्याच वाटता. खोटं. पण पाहुण्या माणसाला तोंडावर काय सांगणार?

शुक्रवार, २३ नोव्हेंबर

तिची जपानीची परीक्षा, पुण्याला असते ती, नऊ दिवसांवर आली. मदत करावी म्हटलं. टेपमध्ये कॅसेट होतीच, त्यात माझी तीन वाक्यं भरली. सावकाश, चाळीस वेळा, म्हणजे निदान एकदा तरी खरा उच्चार तिच्या कानावर पडेल. खालचा धडा पुसला गेला. तोच सगळ्यांत अवघड होता म्हणे. आता मला अक्षर येत नाही, कोणतं बटण कशाचं मला काय कळतं? लाल असतं ते आवाज भरायचं, एवढंच माहीत.

संघर्ष सकाळपासून माझ्या खोलीत आलेला नाही. पेन थांबलंय. पुसलं ते पुसलं, संजना, लिही पुढे. लिहायला काही नाही? मग आजचं संपलं.

सोमवार, ३ डिसेंबर

परीक्षा देऊन आली ती झोपली. नापास.

संकल्प. निकाल लागल्यावर महिनाभर टोचून बोलायचं नाही. आठवडाभर. निदान त्या दिवशी नाही.

रविवार, २४ फेब्रुवारी २००२

पास झाली. त्यात काय. कागदावरची परीक्षा, आणि कागद हा तिचाच प्रांत. त्या परीक्षेत बोलायला लावतच नाहीत, हे तिनेच कबूल केलं. मी कॉलनीत सगळ्यांना हे सांगून आले, नाहीतर लोक उगाच पेढे मागतात.

शनिवार, ९ मार्च, दुपारी तीन

पुण्याच्या कंपनीतल्या जपानी साहेबाचा फोन. तोंडी परीक्षा. फोनचा स्पीकर चालू होता, मी बाजूला वेताच्या मोढ्यावर बसून अर्धा तास ऐकलं. आधी तो हळूहळू बोलत होता, लहान पोराला भरवतात तसा. मग जो सुटला तो थांबेना. तीही मध्येमध्ये अडत होती, एकदा चक्क मराठीत 'म्हणजे' म्हणाली. मी कान लावून होते. अर्ध्या तासात एकही ओजोझु नाही.

गेली नोकरी. मला तीन वाक्यांत सात, हिला अर्ध्या तासात शून्य. मी तिला चहा करून दिला. आता तिने डोकं शांत ठेवून घरात लक्ष घालावं. उन्हाळ्यात मागच्या खोलीला रंग काढायचा आहे, त्या दोघांसाठीच.

सोमवार, १८ मार्च

कंपनीचं पत्र आलं. घेतलं तिला.

मी म्हणाले, काहीतरी चूक आहे, परत वाच. परत वाचलं. मी म्हणाले, साहेब फसला की काय तुझ्या बोलण्याला. तर ती पत्राची घडी घालत म्हणाली, "नाही आई. परकी आहे हे त्याने दोन मिनिटांत ओळखलं. जपानी मी कधीच वाटणार नाही. पण नंतर त्याने माझ्यासाठी हळू बोलणं सोडलं, त्यांना तेवढंच पुरतं."

मग मला सात वेळा कशाला म्हणाले? असं विचारलं. लिही म्हटलं की लिहिते, बोल म्हटलं की बोलत नाही. संघर्ष दाढी करत होता, तो आरशातूनच म्हणाला की त्या हारुकोबाईंना तू 'आमच्यातल्याच वाटता' म्हणालीस, ते कशाला?

त्याचा इथे काय संबंध? आजचं बंद.

रविवार, २४ मार्च

संघर्षलाही चाकणला काम मिळतंय. पुण्यात दोन खोल्यांचं घर बघितलं. जेवताना ती म्हणाली, आई, तुम्हीही चला. मी म्हणाले, छे, मी कुठली येते. माझा विहार इथे, माझी माणसं इथे, पुण्याचं पाणी मला बाधतं.

पहिल्यांदा नाहीच म्हणायचं असतं. सुनेच्या संसारात एका हाकेला कुणी उठून जातं का? दुसऱ्यांदा विचारतात, मग बघू म्हणायचं. तिसऱ्यांदा पोरगा हात धरतो, मग तुमच्यासाठी येते म्हणायचं. हे पद्धत म्हणून लिहून ठेव, संजना. लिहिलंस? नीट लिहिलंस?

रविवार, ३१ मार्च

विचारलं नाही. कामाच्या गडबडीत आहेत.

गोधडी आणि दोन साड्या उन्हात घातल्या. ऊन चांगलं होतं म्हणून.

गुरुवार, ४ एप्रिल

विचारलं नाही. मी दोनदा सांगितलं की पुण्याचं पाणी आता सुधारलंय म्हणे. संघर्ष म्हणाला, हो का.

रविवार, ७ एप्रिल, दुपारी

आजपासून लताबाई लिहिते. अक्षर एवढं मोठं की चार वाक्यांत पान संपतं.

टेम्पो नऊला आला. माझी वळकटी पलंगावर होती, बांधलेली. असू दे म्हटलं, कुणाला दिसलीच तर दिसेल. टेम्पोवाल्याला दिसली. त्याने विचारलं, हे पण घ्यायचं का? संघर्षने माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणणार, टेम्पोवाल्याच्या विचारण्याला काय विचारणं म्हणतात? म्हणाले, नाही, ती धुवायची आहे.

ती पाया पडली. मी तिला हळूच म्हणाले की तू मला एकदाच विचारलंस, संजना. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. म्हणाली, "आई, तुम्ही नाही म्हणालात. तुम्ही बोलता ते जसंच्या तसं धरायची मला आता सवय झाली आहे."

आवाजात राग असता तर भांडले असते. नव्हता. अगदी साधं बोलली. तेव्हासुद्धा मला एवढंच म्हणायचं होतं की येते. मी म्हणाले, सांभाळून जा, घाटात गर्दी असते.

बुधवार, १० एप्रिल, संध्याकाळी सहा

फोन आला. मजेत आहेत. ऑफिसात दिवसभर जपानीच बोलावं लागतं, आणि नवीन माणूस भेटला की तिला पहिलं विचारतो, तुम्ही भारतातल्या का? म्हणजे बरोबर मीच होते. जूनपासून मीच. लताबाई, याखाली रेघ मार. दोन मार.

चौदा एप्रिलला येणार का, हे विचारणार होते. संघर्ष म्हणाला, आई, आवाज तुटतोय, ठेवतो. मला त्याचा अगदी स्वच्छ ऐकू येत होता.

येतील परत. एक महिना. पाऊस सुरू व्हायच्या आत. फार तर दिवाळी. तोवर मी जपानीचं चौथं वाक्य करणार, आता दिवसभर शांतता आहे. टेप ते घेऊन गेले, त्याचं काही बघायला हवं.

सोमवारचं पिठलं काल खाल्लं, आज सकाळीही खाल्लं. एका माणसाचं किती करायचं ते हाताला कळत नाही. तेव्हा लताबाई, हे शेवटचं वहीत नको, वेगळ्या कागदावर लिही आणि तुझ्या खानावळीत चुलीच्या वर चिकटव. रोज बाराला. ज्वारीच्या दोन भाकरी, मऊ, कडा काढून. वरण पातळ, वांगं नको, ठेचा वेगळ्या पुडीत. चौदा तारखेला खीर करशील ती वाटीभर. संध्याकाळचा नको, दुपारचंच उरेल. आणि डबा मोठा पाठवू नकोस, एकाचाच पाठव.